वाशीचं एक घर, रिडेव्हलपमेंट आणि तीस वर्षांचा सरकारी बाँड

हे प्रकरण माझ्या शेजारच्या काका-काकूंचं आहे, त्यांना विचारूनच लिहितेय. सोसायटीचं नाव, सेक्टर वगैरे मुद्दाम देत नाही आणि रकमा गोल केल्यात, बाकी सगळं जसं घडलं तसं. मी स्वतः तुर्भ्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, गुंतवणुकीची सल्लागार वगैरे नाही, पण यात पहिल्या धक्क्यापासून सोबत होते म्हणून सविस्तर लिहू शकते.

पार्श्वभूमी

काका केमिकल कंपनीतून २०२० मध्ये रिटायर झाले, काकू त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणजे २०२३ मध्ये काका ६३ आणि काकू ६१. मुलगी लग्न होऊन नाशिकला. घर वाशीला, सिडकोने बांधलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये. ज्यांनी अशा बिल्डिंगा बघितल्यात त्यांना सांगायला नको, पावसाळ्यात छताला पोपडे, बाथरूमची गळती, एकदा तर किचनमध्ये प्लास्टरचा मोठा तुकडा काकूंच्या पुढ्यात पडला होता. दहाएक वर्षं रिडेव्हलपमेंटच्या नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या त्यामुळे २०२३ च्या सुरुवातीला परत मीटिंग लागली तेव्हा काकांनी ती फार मनावर घेतली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच आलं.

पैसे कुठे होते ते सांगते. काकांच्या नावावर पोस्टात सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये १५ लाख, तेव्हा तेवढीच मर्यादा होती. एका राष्ट्रीयीकृत बँकेत दोन एफडी, एक ८ लाखांची जून २०२३ मध्ये संपणारी आणि एक १२ लाखांची, ३० ऑक्टोबर २०२३ ला संपणारी. एका सहकारी बँकेत ९ लाखांची एफडी, डिसेंबरमध्ये संपणारी. सेव्हिंग खात्यात दोनेक लाख. पेन्शन म्हणजे पीएफसोबतची ईपीएसची, ती तुटपुंजीच असते, त्यामुळे घर व्याजावरच चालतं.

जूनमध्ये ८ लाखांची एफडी संपली. सकाळी सागर विहारला काकांचा चालायला जाणारा ग्रुप आहे, तिथे एकाने सांगितलं की आता रिझर्व्ह बँकेत आपण स्वतः खातं उघडू शकतो आणि सरकारी बाँड थेट घेऊ शकतो, मध्ये एजंट नाही, कमिशन नाही. ही माहिती खरीच आहे, रिटेल डायरेक्ट नावाची ही सोय १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. काकांना आधी वाटलं बेलापूरला रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात जाऊन फॉर्म भरायचा असेल, पण सगळं ऑनलाइन असतं, पॅन, आधार, सेव्हिंग खातं, नॉमिनी, केवायसी झालं की गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, उघडतं, त्याला फी नाही. अडलं फक्त एका ठिकाणी, आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला होता त्यामुळे ओटीपी येईना, मग आधार केंद्रात रांग लावून नंबर बदलून घेतला, त्यात आठवडा गेला.

त्याच सुमाराला ७.३० टक्क्यांचा एक नवीन सरकारी बाँड निघाला, मुदत २०५३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं. केंद्र सरकारच्या मुदतीच्या रोख्यांचा लिलाव सहसा शुक्रवारी असतो आणि पैसे-कागदाची देवाणघेवाण पुढच्या कामाच्या दिवशी. काकांनी आठही लाख त्यात टाकले. आपल्यासारख्यांना तिथे भाव बोलायचा नसतो, किती रुपयांचा हवा एवढंच सांगायचं, कमीत कमी १०,००० आणि पुढे १०,००० च्या पटीत, मोठ्या बँका आणि संस्था बोली लावतात आणि त्यांच्या भावाची जी सरासरी निघते त्या भावाला आपल्याला मिळतो. १९ जूनला काकांच्या खात्यात ८ लाखांचे बाँड आले, भाव जवळजवळ शंभराला शंभर.

काका खूश. एफडी साडेसहाची होती, इथे ७.३०, तेही सरकारकडून, वर्षातून दोनदा खात्यात व्याज. मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "रिझर्व्ह बँकेची एफडी केलीय गं, तीस वर्षं बघायलाच नको, लागले तर मोडून घेऊ." मी पण छान छान म्हणून पुढे गेले. तेव्हाच थांबून "मोडून म्हणजे कसं काका" एवढं विचारायला हवं होतं, याची मला आजही चुटपुट आहे.

अडचण कुठे आली

ऑगस्टनंतर बिल्डरचं प्रकरण अचानक पळायला लागलं. दहा वर्षं जे हललं नव्हतं ते दोन महिन्यांत नक्की झालं. काका-काकूंनी मिळणाऱ्या जागेपेक्षा थोडी जास्त जागा विकत घ्यायचं ठरवलं, मुलगी-जावई-नातू आले की राहता यावं म्हणून, एकूण १२ लाख. त्यातले ३ लाख अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी, मग ३ प्लिंथला म्हणजे जोत्यापर्यंत बांधकाम आल्यावर, ३ मधल्या स्लॅबला, ३ ताबा घेताना. अ‍ॅग्रीमेंट दसऱ्याच्या आत करायचं ठरलं, दसरा २४ ऑक्टोबरला होता. वर भाड्याच्या घराचं डिपॉझिट दीड लाख. बिल्डर भाडं देतो पण डिपॉझिट आपल्या खिशातून जातं, आणि अख्खी सोसायटी एकाच वेळी सानपाडा-जुईनगरमध्ये घरं शोधायला लागल्यावर घरमालक थांबत नाहीत.

डिपॉझिट सेव्हिंगमधून गेलं. बिल्डरच्या ३ लाखांसाठी काकांनी १६ ऑक्टोबरच्या सुमाराला पोर्टल उघडलं आणि "मोडा" असं बटण शोधायला लागले. ते तिथे नसतंच. सरकारी बाँड मुदतीआधी सरकार परत घेत नाही, तो बाजारात दुसऱ्या कुणाला तरी विकावा लागतो, त्यासाठी रिझर्व्ह बँकेची एनडीएस-ओएम नावाची यंत्रणा आहे आणि रिटेल डायरेक्टमधून तिथे जाता येतं. काका तिथे गेले तर भाव साडेशहाण्णवच्या आसपास, आणि तोही घेणारे थोडेच. चार महिन्यांपूर्वी शंभराला घेतलेली वस्तू, सरकारने दिलेली, तिचा भाव खाली कसा गेला हे त्यांना कळेचना. काकूंना वाटलं काकांना कुणीतरी फसवलं.

फसवलं कुणीच नव्हतं. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की बाजारातला जास्तीचा पैसा शोषून घ्यायला ती स्वतः सरकारी रोखे विकू शकते, त्यावर बाजार बिथरला आणि रोख्यांवरचा परतावा वर गेला. आता बाजारात नवीन कागद साडेसातच्या वर मिळत असेल तर काकांचा ७.३० वाला कोण शंभराला घेईल, तो थोडा स्वस्त करूनच विकावा लागणार. आणि मुदत जितकी लांब तितका हा फटका मोठा. तीस वर्षांच्या अशा बाँडमध्ये दर पाव टक्का जरी वर गेला तरी भाव साधारण तीन रुपये उतरतो, एक टक्का गेला तर अकरा-बारा रुपये. वर्षभराच्या ट्रेझरी बिलात, म्हणजे सरकारच्याच कमी मुदतीच्या कागदात, तोच एक टक्का जेमतेम एक रुपयाचा फरक करतो. एवढं एकच गणित जूनमध्ये कुणी काकांना सांगितलं असतं तर हे प्रकरण झालंच नसतं.

पहिला निर्णय, जो घाईत झाला

काकांनी कुणाला न विचारता ३ लाखांचे बाँड विकून टाकले. भाव मिळाला ९६.५०, म्हणजे २,८९,५००. त्यावर १९ जूनपासून त्या दिवसापर्यंतचं साठलेलं व्याज वेगळं मिळालं, सात हजारांच्या थोडं वर, ते घेणारा देतो. म्हणजे हातात २ लाख ९६ हजारांच्या आसपास आले, वरचे सेव्हिंगमधले घालून बिल्डरला चेक गेला. भावातला तोटा १०,५००. घर बुडवणारी रक्कम नव्हती, पण रिटायर माणसाला असे साडेदहा हजार टोचतात, त्यातून "सरकारी" म्हणून डोळे मिटून घेतलेल्या वस्तूवर गेलेले.

त्याच रात्री काका पासबुकं, एफडीच्या पावत्या आणि पोर्टलच्या प्रिंट असं सगळं पिशवीत घालून माझ्याकडे आले. म्हणाले, "उरलेले पाच पण काढून टाकतो, मला नको ते." काकू मागून आल्या, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या.

पावत्या बघताना माझ्या लक्षात आलं की १२ लाखांची एफडी ३० ऑक्टोबरला, म्हणजे फक्त दोन आठवड्यांनी संपत होती. तिच्यावर दोन आठवड्यांचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता बँकेकडून उचल, घेतला असता तर ३ लाखांवर हजाराच्या आतच व्याज पडलं असतं. एफडीपेक्षा साधारण एक टक्का जास्त दर लागतो, तेवढ्यासाठी साडेदहा हजार गेले. मी हे त्यांना लगेच सांगावं की नाही याचा विचार केला, आणि सांगितलं, कारण पुढचे निर्णय त्यावरच ठरणार होते. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं, आता पुढचं बोल."

पर्याय काय काय होते

आम्ही आधी पैशाचा विचार बाजूला ठेवला आणि तारखांचा कागद केला. प्लिंथचे ३ लाख बिल्डरच्या म्हणण्याप्रमाणे मे २०२४ मध्ये, स्लॅबचे ३ लाख नोव्हेंबर २०२४ मध्ये, ताब्याचे ३ लाख डिसेंबर २०२५ मध्ये. बिल्डरच्या तारखा पुढे जाणार हे धरूनच चालायचं. अडीअडचणीला, आजारपणाला तीन-साडेतीन लाख कधीही काढता येतील असे. बाकीचं घरखर्चाच्या व्याजासाठी. हा कागद अजून काकांच्या फायलीत आहे.

उरलेल्या ५ लाखांच्या बाँडचं काय करायचं हा पहिला प्रश्न. विकले तर आणखी साडेसतरा हजार जाणार. ठेवले तर दर सहा महिन्यांनी १८,२५० येत राहणार, १९ डिसेंबर आणि १९ जूनला, आणि पैसे बुडायचे नाहीत, २०५३ ला पूर्ण ५ लाख मिळणार, फक्त तेव्हा काका ९३ वर्षांचे असतील. तारखांच्या कागदात या ५ लाखांची कुठेच गरज दिसत नव्हती. म्हणून ठेवायचे ठरले. मी स्पष्ट सांगितलं की भाव परत वर येईलच असं मी सांगू शकत नाही, पण आपल्याला विकायचंच नसेल तर रोजचा भाव बघायची गरज नाही, हे व्याज खायचे पैसे आहेत आणि पुढे मुलीचे.

दुसरा प्रश्न ३० ऑक्टोबरच्या १२ लाखांचा. बँक परत एफडी करा म्हणत होती, सात टक्क्यांच्या आसपास. मी ट्रेझरी बिलं सुचवली, ज्याला सगळे टी-बिल म्हणतात. केंद्र सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांसाठी उसने पैसे घेतं. त्यावर व्याज वेगळं येत नाही, कमी पैशात घ्यायचं आणि मुदत संपली की पूर्ण दर्शनी रक्कम खात्यात. लिलाव बुधवारी, कागद गुरुवारी. काका आधी चिडलेच, "परत तेच रिझर्व्ह बँकेचं?" हे स्वाभाविक होतं. एकदा हात पोळला की माणूस अख्खी चूलच नको म्हणतो. मग मी त्यांना दोन्हीचा फरक रुपयांत लिहून दाखवला, की १८२ दिवसांचं बिल मेमध्ये संपणार आणि पैसे मेमध्येच लागणार आहेत, तर मधे भाव काय होतो याच्याशी आपला संबंधच येत नाही.

एफडीच का नको हाही मुद्दा होता आणि खरं सांगायचं तर एफडीनेही काम झालं असतं. फरक किरकोळ होता. टी-बिलाची बाजू दोन गोष्टींनी जड झाली, एक म्हणजे तेव्हा १८२ आणि ३६४ दिवसांना ७.१० ते ७.१५ च्या आसपास मिळत होतं आणि आमच्या बँकेचं सहा महिन्यांच्या एफडीला बरंच कमी होतं, आणि दुसरं, बँक ठेवींना विमा माणशी एका बँकेत ५ लाखांपर्यंतच, मुद्दल आणि व्याज धरून. राष्ट्रीयीकृत बँकेबद्दल काकांना भीती नव्हती पण सहकारी बँकेत ९ लाख एकाच नावावर होते, आणि नवी मुंबई-ठाण्यात सहकारी बँकेवर निर्बंध आले की लोक कसे शटरबाहेर उभे राहतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ती एफडी लगेच मोडायची का यावर आमचा वाद झाला. काकू म्हणाल्या आत्ताच काढा. मी आणि काका म्हणालो दोन महिन्यांत संपतेय, मोडली तर व्याज कापतील. शेवटी थांबलो. काही झालं नाही, पण मला आता वाटतं काकूंचं बरोबर होतं, ४ लाख विमा नसलेले उघड्यावर ठेवून आम्ही चार-पाच हजार वाचवत होतो.

काय केलं

३१ ऑक्टोबरला, म्हणजे लिलावाच्या आदल्या दिवशी, बोली टाकली. हा आम्ही नियमच केला, बुधवारी सकाळी धावपळ नको, मंगळवारीच मोकळं व्हायचं. ३ लाखांचं १८२ दिवसांचं बिल, भाव ९६.६० च्या आसपास, म्हणजे २ लाख ९० हजारांच्या थोडं आत. ६ लाखांचं ३६४ दिवसांचं बिल, साधारण ५ लाख ६० हजार. उरलेले साडेतीन लाख बँकेतच, सेव्हिंगला जोडलेल्या एफडीत, चेक किंवा कार्डाने कधीही निघतील असे.

डिसेंबरमध्ये सहकारी बँकेची एफडी संपली. त्यातले साडेचार लाख तिथेच ठेवले म्हणजे व्याजासकट विम्याच्या आत राहतील, आणि ४ लाख काकूंच्या नावाने पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये. काकूंच्या नावाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची एवढी गुंतवणूक झाली, वाशीच्या पोस्टात त्यांनी स्वतः सह्या केल्या. दर ८.२० टक्के आणि तो पाच वर्षं बदलत नाही, दर तीन महिन्यांनी ८,२०० रुपये. उरलेले पन्नास हजार आणि व्याज घर हलवण्यात गेले.

काकांच्या गिल्ट खात्याला नॉमिनी होता तो तपासला, मुलीचं नाव लग्नाआधीचं होतं, ते बदललं. टॅक्सचं पण तेव्हाच समजावून घेतलं. सरकारी बाँडच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत म्हणून काकांचा समज झाला होता की ते करमुक्त आहे, तसं नाही, ते उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो, आणि आयकराच्या ८०टीटीबी कलमातली ज्येष्ठांची पन्नास हजारांची सूट बँक-पोस्टाच्या ठेवींना होती, या व्याजाला नाही. विक्रीतला साडेदहा हजारांचा तोटा रिटर्नमध्ये दाखवला, वेळेत रिटर्न भरला तर तो आठ वर्षं पुढे नेता येतो.

मधे काय काय झालं

२ मे २०२४ ला पहिले ३ लाख सेव्हिंग खात्यात आले. बरोबर त्या दिवशी. पण प्लिंथ कुठली, तेव्हा नुसता खड्डा होता. पैसे आलेत हे काकांना तीन आठवडे कळलंच नाही, मेसेज आला होता पण ते तेव्हा नाशिकला नातवाच्या मुंजीत होते, आणि ३ लाख सेव्हिंगच्या पावणेतीन-तीन टक्क्यांवर पडून राहिले. नऊशे-हजाराचं नुकसान म्हणायचं. बाँडसारखं सहा महिन्यांनी व्याज येतं तसं बिलाचं नसतं, ते संपतं आणि संपलं की गप्प बसतं, परत तुम्हालाच घालावं लागतं. आणि अगदी लक्ष ठेवलं तरी एक आठवडा मोकळा जातो, कारण पैसे गुरुवारी येणार आणि पुढचा लिलाव पुढच्या बुधवारी. बुधवारी सुट्टी आली तर वारही सरकतो, त्या आठवड्यात बुधवारीच १ मे होता.

२९ मेच्या लिलावात ते ९१ दिवसांना टाकले, २९ ऑगस्टला परत आले, आणि सप्टेंबरमध्ये बिल्डरची प्लिंथची मागणी आली. पैसे तयार होते. सोसायटीतल्या दोघा-तिघांनी त्या वेळी सोनं गहाण ठेवलं, हे काकूंनी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

३६४ दिवसांचं बिल ३१ ऑक्टोबर २०२४ ला संपलं, नरकचतुर्दशीच्या दिवशी ६ लाख जमा. दिवाळीनंतरच्या लिलावात ३ लाख ९१ दिवसांना, ३ लाख परत ३६४ ला. पण आता दर साडेसहाच्या आसपासच मिळाला. स्लॅबचे पैसे मार्च २०२५ मध्ये गेले. त्याच्या आधीच, ७ फेब्रुवारी २०२५ पासून, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, कमी करायला सुरुवात केली होती, साडेसहावरून आधी सव्वासहा, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम साडेपाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेवटचे ३ लाख परत आले तेव्हा बिलांना साडेपाचच्या आसपासच दर होता. म्हणजे दोन वर्षांत त्याच पैशाला ७.१५ वरून साडेपाच. बिलाची ही दुसरी बाजू, भाव पडायची भीती नाही पण दर पडायची आहे.

आणि तो नकोसा झालेला बाँड? मार्च २०२४ पर्यंत त्याचा भाव परत शंभरावर आला होता. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात शंभराच्या बऱ्याच वर गेला. काका तेव्हा फोन घेऊन आले, "विकू का गं?" मी म्हटलं काका, विकून कुठे टाकणार ते सांगा. नवीन कशालाही त्याहून कमीच मिळत होतं, म्हणून राहू दिलं. मजा अशी की जूनमध्ये रेपो अर्धा टक्का उतरला आणि तरीही ऑगस्टपर्यंत लांब मुदतीच्या बाँडचे दर उलटे वर गेले, भाव बराचसा खाली आला. रेपो खाली म्हणजे बाँड वर, हे गणित ग्रुपवर सगळे सांगतात, तीस वर्षांच्या कागदाला ते सरळ लागू पडत नाही, तिथे सरकार पुढे किती कर्ज काढणार, महागाई काय होणार, विमा कंपन्या किती घेणार हे सगळं असतं. काका आता भाव बघत नाहीत, १९ तारखेला व्याज आलं का तेवढं बघतात.

आज कुठे आहेत

बिल्डरला ९ लाख दिले, एकदाही उशीर नाही, एकदाही कर्ज नाही. शेवटच्या ३ लाखांचं काम ताब्यावर आहे, ताबा आता २०२६ च्या मध्यावर सांगतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये रिटेल डायरेक्टमध्ये टी-बिलासाठी आपोआप बोली लागायची सोय आली, नवीन पैसे आणि संपलेल्या बिलाचे पैसे दोन्हीसाठी, ती काकांना लावून दिली. आता नाशिकला असले तरी पैसे झोपून राहणार नाहीत.

परत करायचं झालं तर

जून २०२३ च्या त्या ८ लाखांवर मी फार विचार केलाय. तेव्हा बँकेपेक्षा जास्त दर एवढाच प्रश्न काकांनी विचारला होता. सीनियर सिटिझन स्कीमची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली होती, दर ८.२०, म्हणजे काकांना स्वतःच्याच नावाने आणखी १५ लाखांची जागा होती आणि काकूंना वेगळी ३० ची. घरखर्चाचं व्याज हवं असणाऱ्या माणसाने आधी ते भरायला हवं होतं, मग बाँडकडे वळायचं. ५ लाख तिथे, आणि रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागलेली आहे म्हटल्यावर ३ लाख ९१ दिवसांच्या बिलात फिरवत ठेवायचे. ग्रुपमधल्या माणसाची माहिती चुकीची नव्हती, ती त्याच्या पैशांसाठी बरोबर असेल, काकांच्या पैशांसाठी नव्हती.

काकूंच्या नावाने ४ ऐवजी ७ लाख टाकायला हवे होते का यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. ताब्याचे ३ लाख दोन वर्षांनंतरच लागणार होते, पोस्टातून दोन वर्षांनी काढले तर एक टक्का कापतात, तरीही ते साडेपाचच्या बिलापेक्षा बरं पडलं असतं. मी तेव्हा म्हणाले होते की बिल्डरचे पैसे पाच वर्षांच्या कशातच नकोत. काकांचं म्हणणं मीच बरोबर होते. मला आता तितकी खात्री वाटत नाही.

आणि विकायच्या आधी एक फोन. त्या १६ ऑक्टोबरला काका दुपारी दीड वाजता पोर्टलवर होते, मी तेव्हा ऑफिसात डबा खात होते, फोन हातातच होता.

गेल्या आठवड्यात काकू आल्या होत्या, पोस्टाचं पासबुक भरून घेऊन. सहकारी बँकेतल्या साडेचार लाखांची एफडी परत संपतेय, ती या वेळी आपल्या नावाने करायची म्हणतायत, आणि तिची तारीख ताब्याच्या आधी संपेल अशी हवी, पडदे आणि किचनच्या ट्रॉलीला पैसे लागतील म्हणून. तारखांचा कागद त्यांनीच पुढे सरकवला.